स्वामी कुवलयानंद आणि व्यायामाचें शास्त्र

पालघरच्या स्टेशनावर उभें राहून उत्तरेकडे पाहिलें तर रुळांची वाट उमरोळी, बोईसर, डहाणू ओलांडून सुरतेवरून बडोद्यास जाते. दक्षिणेकडे पाहिलें तर तीच वाट वैतरणेचा पूल मागें टाकून विरारवरून मुंबईस पोंचते. आज ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों, त्यांच्या आयुष्यांतील पुष्कळशीं स्थळें या एकाच लोहमार्गावर आहेत. बडोद्यास त्यांनीं शरीर कमावलें व तेथल्याच इस्पितळांत आपले पहिले प्रयोग केले. सांताक्रूझ येथें व पुढें चर्नी रोडला त्यांच्या संस्थेची मुंबईची शाखा चालली. कांदिवली येथें व्यायामशिक्षक तयार करणारी जी सरकारी संस्था १९३८ सालीं निघाली, तिच्या पाठीशींहि त्यांचे श्रम होते. स्वामी कुवलयानंद हें नांव आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. परंतु तें एका योग्याचें नांव म्हणून. व्यायामाचें शास्त्र प्रयोगशाळेंत नेऊन बसविणारा संशोधक ही त्यांची दुसरी ओळख मात्र तितकीशी प्रसृत नाहीं, आणि आम्हांस येथें तिच्याविषयींच मुख्यत्वें लिहावयाचें आहे.

हें चरित्र निवडण्यास एक निमित्त आहे. शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे दोन-चार तरी विद्यार्थी असे निघतात कीं, ज्यांस खेळांचें व व्यायामाचें उच्च शिक्षण घ्यावेंसें वाटतें. घरीं हें बोलणें सहसा रुचत नाहीं. बोईसरच्या कारखान्यांत किंवा तारापूरच्या अणुवीजकेंद्रांत नोकरी करणाऱ्या वडिलांस वाटतें कीं, मुलानें अभियंता व्हावें, निदान यंत्रावर तरी बसावें. सातपाटी-मुरब्याच्या कोळी गृहस्थास वाटतें कीं, होडी ओढतां ओढतां दंडांस जें बळ फुकट मिळतें, त्यासाठीं विद्यापीठांत पैसे कशास भरावे. खुद्द मुलाची समजूतहि बहुधा अशी असते कीं, तीन वर्षें मैदानावर मजेंत जातील. या तिन्ही समजुती सारख्याच अपुऱ्या आहेत. विद्यापीठांतील व्यायामशास्त्राच्या विद्यार्थ्यास शरीररचना व इंद्रियविज्ञान शिकावें लागतें. हाडांचे सांधे तरफेप्रमाणें कसे काम करतात हें पदार्थविज्ञानाच्या आधारें मांडावें लागतें. धांवणाऱ्याच्या नाकातोंडावर मुखवटा चढवून त्यानें मिनिटास किती प्राणवायु वापरला तें मोजावें लागतें. आणि मोजलेल्या आंकड्यांवरून खरा निष्कर्ष कोणता व भासमान कोणता हें ठरविण्यासाठीं गणिताशीं झगडावें लागतें. ज्यास केवळ चेंडूची आवड आहे व आंकड्यांचा कंटाळा आहे, त्याचा पहिल्याच सहामाहींत हिरमोड होतो.

आपण ज्या भागांत राहतों तेथें मोजण्याचें महत्त्व कोणास पटवून देण्याची गरज नाहीं. बोईसरच्या कारखान्यांत दाबमापकाकडे नजर टाकल्यावांचून कोणी बाष्पपात्राची झडप फिरवीत नाहीं. १९६९ सालीं सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रांत किरणांच्या क्षेत्रांत काम करणाऱ्याच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदणारा बिल्ला असतो. असें असतां, मनुष्याचें शरीर हें जें सर्वांत नाजूक यंत्र, त्यावर कोणता व्यायाम काय परिणाम करतो याविषयीं मात्र शेंकडों वर्षें ऐकीव गोष्टींवरच काम भागविण्यांत येत होतें. अमक्या आसनानें रक्त शुद्ध होतें, तमक्या श्वसनानें आयुष्य वाढतें, असें गुरूनें सांगावें व शिष्यानें मानावें. हा ऐकीव माल तपासून पाहण्याचें ज्यांनीं आपल्याकडे प्रथम मनावर घेतलें, त्यांत कुवलयानंदांची गणना अग्रभागीं केली पाहिजे. विशेष हें कीं, ते बाहेरून आलेले टीकाकार नव्हते. ज्या गोष्टीवर त्यांची नितांत श्रद्धा होती, तीच त्यांनीं कांट्यावर ठेविली.

त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदें संस्थानांतील डभोई या गांवीं एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिति ओढगस्तीची, इतकी कीं, कांहीं काळ लोकांच्या साहाय्यावर दिवस काढावे लागले. अशाहि स्थितींत १९०३ सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले व संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं पटकाविली. ही शिष्यवृत्ति त्या काळीं मुंबई इलाख्यांतील संस्कृतच्या विद्यार्थ्यांत मोठ्या मानाची समजली जात असे. पुढें ते बडोद्याच्या कॉलेजांत गेले. तेव्हां अरविंद घोष तेथें अध्यापक होते. देशांत लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा जोर वाढत होता. या दोहोंचा परिणाम तरुण गुण्यांच्या मनावर झाला आणि त्यांनीं आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचा निश्चय केला. त्या पिढींत असे निश्चय पुष्कळांनीं केले. शेवटपर्यंत पाळणारे थोडे, आणि त्या थोड्यांत हे एक.

१९०७ पासून १९१० पर्यंत तीन वर्षें त्यांनीं बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेंत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं तालीम घेतली. महाराष्ट्रांत व गुजराथेंत माणिकरावांचें नांव तेव्हां घरोघर झालेलें होतें. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी ही देशी विद्या त्यांनीं विस्कळित आखाड्यांतून उचलून शिस्तीच्या सांघिक शिक्षणांत आणली. एकानें आज्ञा द्यावी व शेंकडों मुलांनीं एका तालांत हालचाल करावी, हा प्रकार कवायतीमुळें लोकांस ठाऊक होता. पण त्यांतील व्यायाम देशी असावे व आज्ञाहि आपल्या भाषेंत असाव्या हा आग्रह माणिकरावांचा. गुण्यांनीं तो जन्मभर जपला. पुढें योगाची आसनेंहि सांघिक रीतीनें शाळांत शिकवितां येतील असें त्यांनीं दाखविलें, व त्यासाठीं १९३६ च्या सुमारास यौगिक संघ-व्यायामाची पुस्तिकाहि काढली, त्याचें मूळ या तीन वर्षांत आहे.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशांत अमळनेर येथें गेले. खानदेश शिक्षण संस्थेंत १९१६ ते १९२३ पर्यंत त्यांनीं अध्यापन केलें व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९२० सालीं हें महाविद्यालय सरकारनें बंद पाडलें. त्यांतील राष्ट्रीय वृत्ति सरकारास सहन होण्यासारखी नव्हती. अमळनेरच्या वर्षांविषयीं चरित्रकार फार लिहीत नाहींत, आणि आम्हींहि लिहिणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, खेड्यांतील अज्ञान व अंधश्रद्धा त्यांनीं तेथें जवळून पाहिली, आणि केवळ व्याख्यानांनीं ती जावयाची नाहीं हें त्यांच्या ध्यानीं आलें.

याच काळांत, १९१९ सालीं, नर्मदेच्या तीरावरील मालसर येथें परमहंस माधवदासजी नांवाच्या वृद्ध योग्याशीं त्यांचा संबंध आला. तोंवर गुणे हे आखाड्याचे शिष्य होते. आतां ते योगाचे शिष्य झाले. माधवदासजींकडून त्यांस आसनें, प्राणायाम, बंध व शरीरशुद्धीच्या क्रिया मिळाल्या, आणि त्यांपासून होणारा लाभ त्यांनीं स्वतःच्या देहावर अनुभविला. दुसरा एखादा येथेंच तृप्त होऊन मठ बांधता. गुण्यांच्या मनांत मात्र एक प्रश्न शिल्लक राहिला. आपणांस बरें वाटतें हें खरें; पण आंत नक्की काय घडतें?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवीत ते १९२०-२१ मध्यें बडोद्याच्या इस्पितळांत गेले. उड्डियान बंध व नौलि या दोन क्रिया त्यांनीं तपासण्यासाठीं घेतल्या. या क्रिया ज्यांनीं पाहिल्या नसतील त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण करूं. उड्डियानांत श्वास पूर्ण बाहेर टाकावयाचा, गळा मिटावयाचा, आणि हवा आंत न घेतां नुसत्या बरगड्या फुलवावयाच्या. म्हणजे छातीच्या पोकळींतील ओढीनें पडदा वर चढतो व पोट पाठीस जाऊन लागतें. नौलींत याच स्थितींत पोटाचे मधले दोन उभे स्नायु तेवढे आखडून पुढें आणावयाचे. ते दोरखंडासारखे दिसतात. गुण्यांनीं आपल्या कांहीं विद्यार्थ्यांकडून या क्रिया करवून घेतल्या व क्ष-किरणांच्या साहाय्यानें पोटांतील हालचाल पाहिली. आंतडीं मऊ असल्यामुळें क्ष-किरणांत तीं नीट उमटत नाहींत. म्हणून डॉक्टर रोग्यास बेरियमचें पांढरें मिश्रण पाजतात, आणि तें जेथें जेथें जातें तेथें तेथें छाया पडते. याच युक्तीनें मोठ्या आंतड्याची जागा क्रियेच्या वेळीं कशी बदलते हें टिपतां आलें. क्ष-किरणांचा शोध लागून त्या वेळीं पुरतीं तीस वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. तें साधन भारतांतील एका संस्थानी गांवांत योगाकडे वळविण्याची कल्पना सुचणें, हीच गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

ऑक्टोबर १९२४ मध्यें लोणावळें येथें त्यांनीं कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षीं योगमीमांसा नांवाचें इंग्रजी त्रैमासिक सुरू केलें. या त्रैमासिकाची मांडणी ध्यानांत घेण्याजोगी आहे. प्रयोगांची हकीकत एका भागांत, सर्वसाधारण सुशिक्षितांसाठीं स्पष्टीकरण दुसऱ्या भागांत, आणि आसनांची माहिती तिसऱ्या लोकोपयोगी भागांत, अशी वांटणी त्यांनीं केली होती. वाचकानें मोजलेल्या गोष्टी व मानलेल्या गोष्टी यांची गल्लत करूं नये, हा त्यांतील हेतु उघड दिसतो. आरोग्यावरील आजच्या लिखाणांत ही वांटणी कितीजण पाळतात हें वाचकांनींच पाहावें.

पहिल्याच वर्षांतील एक शोध येथें सांगितला पाहिजे. हठयोगांत बस्ति नांवाची एक क्रिया आहे; तींत पाण्यांत बसून गुदद्वारानें पाणी वर ओढून घेतात. पिचकारी नाहीं, पंप नाहीं. मग पाणी चढतें कसें? परंपरेनें याचें उत्तर अपानवायूच्या भाषेंत दिलें जाई. कुवलयानंदांनीं मोठ्या आंतड्याला जोडलेली नळी दाबमापकास लावली व नौलीच्या वेळीं आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खालीं उतरतो असें दाखविलें. आंत दाब कमी, बाहेर अधिक. पाणी वर चढावयाचेंच. विहिरीवरील हातपंप ज्या नियमानें चालतो तोच हा नियम. या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूचें नांव दिलें, व तो माधवदास निर्वात म्हणून त्यांच्या लेखांत उल्लेखिला गेला. परंपरागत समजुतीच्या जागीं दाबमापकाचा आंकडा बसविला, आणि त्या आंकड्यास गुरूचें नांव दिलें. या मनुष्याचा सारा स्वभाव या एका कृतींत दिसतो.

परंतु आमच्या मतें त्यांची खरी कसोटी लागली ती प्राणायामाच्या बाबतींत. दीर्घ श्वसनानें शरीरांत भरपूर प्राणवायु शिरतो व म्हणून प्राणायाम हितकर, असा प्रचार त्या काळीं सर्वत्र होता. पाश्चात्य देशांतील व्यायामपंडित दीर्घ श्वसनाचा महिमा गात होते, आणि आपल्याकडील योगाभिमानी मंडळींस हें समर्थन आयतेंच सांपडलें होतें. कुवलयानंदांस तें तसेंच उचलून धरणें सोयीचें होतें. संस्थेस देणग्या हव्या होत्या, आणि लोकांस पटेल असें बोलणें हा देणग्या मिळविण्याचा जुना मार्ग आहे. त्यांनीं तसें न करतां सोडलेली हवा गोळा करून तिचें पृथक्करण केलें. आपण जी हवा आंत घेतों तींत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. सोडलेल्या हवेंत सुमारें १६ उरतो. म्हणजे शरीरानें किती घेतला हें वजाबाकीनें कळतें. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत या प्रयोगांचे निष्कर्ष योगमीमांसेंत प्रसिद्ध झाले, आणि त्यांचा रोख असा होता कीं, प्राणायामाचें महत्त्व अधिक प्राणवायु मिळण्यांत नाहीं. सावकाश व कोंडलेल्या श्वसनांत शरीर नेहमींपेक्षां फारसा अधिक प्राणवायु घेतच नाहीं. लाभ असेल तर तो श्वासाच्या नियंत्रणांत व मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधला पाहिजे, असें त्यांनीं मांडलें.

याचें कारण आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. रक्तांतील तांबड्या पेशींत प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य आहे, तें निरोगी मनुष्यांत नेहमींच्या श्वासानेंच शेंकडा ९५ हून अधिक भरलेलें असतें. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतलें तर तें बाहेर सांडतें. सातपाटीच्या किनाऱ्यावर होडी ओढणारा मनुष्य धापा टाकतो तो घागर रिकामी म्हणून नव्हे. त्याच्या स्नायूंनीं काम वाढविलें, घागरी भराभर फिरूं लागल्या, म्हणून. काम न वाढवितां नुसता श्वास लांबविल्यानें स्नायूंची मागणी वाढत नाहीं. हें आज क्रमिक पुस्तकांत असतें. परंतु ज्याची सारी संस्था योगाच्या नांवावर उभी आहे त्यानें हें १९३०-३२ च्या सुमारास आपल्याच त्रैमासिकांत छापणें याला निराळें धैर्य लागतें.

येथें एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे त्याच सुमारास लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांपाशीं योग शिकले, व परत जाऊन त्यांनीं स्वतःवर प्रयोग केले. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांत उज्जायी प्राणायामाच्या वेळीं प्राणवायूचा खप सुमारें २४ टक्क्यांनीं वाढल्याची नोंद आहे. गुरूचा रोख एक, शिष्याचा आंकडा दुसरा! असें कां व्हावें? श्वास किती वेळ कोंडला, मिनिटास किती आवर्तनें केलीं, छातीचे स्नायु किती जोरानें वापरले, यांवर उत्तर बदलतें. आणि शिष्याला आढळलेली वाढहि बरीचशी त्या स्नायूंच्याच श्रमाची असणें संभवनीय आहे. शिवाय कुवलयानंदांच्या प्रयोगांत माणसें थोडीं असत, बहुतेक संस्थेंतलींच, क्रियांत मुरलेलीं; क्रिया न करणाऱ्या माणसांचा गट तुलनेस घेण्याची पद्धति त्यांत क्वचितच दिसते. आज एखाद्या विद्यार्थ्यानें असा प्रबंध विद्यापीठांत दिला तर परीक्षक त्यास अधिक माणसें घेऊन पुन्हां करावयास सांगतील, आणि तें योग्यच होईल. पण परीक्षकांस असा आक्षेप घेतां येतो तो प्रयोगाची कृति व आंकडे समोर छापलेले आहेत म्हणूनच. ज्यानें नुसता चमत्कार सांगितला त्याच्यावर कोणता आक्षेप घेणार?

त्या काळाच्या जगाकडे दृष्टि टाकली तर या कामाची वेळ लक्षांत येते. स्वीडनमध्यें लिंग यांनीं स्टॉकहोम येथें व्यायामाची मध्यवर्ती संस्था १८१३ सालींच काढली होती. परंतु श्रम करणाऱ्या शरीराचें प्रयोगसिद्ध शास्त्र नुकतेंच आकारास येत होतें. डेन्मार्कचे क्रोग यांस १९२० चें नोबेल पारितोषिक सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील कामाबद्दल मिळालें, व इंग्लंडचे हिल यांस १९२२ चें पारितोषिक स्नायूंतील उष्णतेच्या मापनाबद्दल. हार्वर्ड विद्यापीठांतील श्रम व थकवा यांचा अभ्यास करणारी विख्यात प्रयोगशाळा १९२७ सालीं निघाली, म्हणजे कैवल्यधामानंतर तीन वर्षांनीं. अर्थात् हार्वर्डचा पैसा व मनुष्यबळ लोणावळ्यास कोठून असणार! या दोहोंची बरोबरी लावण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्या देशांत मद्रास येथें वाय. एम. सी. ए. चे हॅरी बक यांनीं १९२० सालीं व्यायामशिक्षकांचें विद्यालय काढलें होतें. तेथें शिक्षक तयार होत. शिक्षक तयार करणें आणि व्यायामाचे परिणाम तपासणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि दुसऱ्या कामाची उणीव लोणावळ्यानें थोडीफार भरून काढली.

महात्मा गांधींनीं १९२७ सालीं स्वतःच्या प्रकृतीविषयीं कुवलयानंदांचा सल्ला पत्रद्वारें घेतला होता. मोठमोठे पुढारी व संस्थानिक लोणावळ्यास येत. आम्हांस या यादीपेक्षां शाळांसाठीं त्यांनीं केलेलें काम अधिक मोलाचें वाटतें. त्या काळीं बहुतेक शाळांतील कवायत म्हणजे एखाद्या निवृत्त शिपायानें मुलांस ओळींत उभें करून हातपाय हालवावयास लावणें. आणि चुकला त्यास मैदानाला चार फेऱ्या, म्हणजे व्यायाम हीच शिक्षा! अशा तासांत वाढलेल्या मुलानें मोठेपणीं व्यायामाकडे पाठ फिरविली तर नवल नाहीं. मुंबई सरकारनें १९३७ सालीं शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठीं जी समिति नेमली तिचें अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलें. पुढच्याच वर्षीं कांदिवली येथें व्यायामशिक्षकांची सरकारी प्रशिक्षणसंस्था उघडली, आणि पी. एम. जोसेफ हे तिचे प्राचार्य झाले. पदवीधर माणसें तेथें येत. शरीरशास्त्र शिकत, देशी-विदेशी खेळ शिकत, आणि शिकवावें कसें हेंहि शिकत. हेच जोसेफ १९५७ सालीं ग्वाल्हेर येथें निघालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. १८५७ च्या शतसांवत्सरिक वर्षीं, राणी लक्ष्मीबाईंच्या नांवानें, केंद्र सरकारनें काढलेलें हें महाविद्यालय. व्यायामाच्या विषयांत पदवीचा पूर्ण तीन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या देशांत तेथून सुरू झाला. पुढें त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या लोहमार्गावरील कांदिवलीपासून ग्वाल्हेरपर्यंतचा धागा असा जुळतो, आणि त्याच्या आरंभाशीं लोणावळ्याचे हे भगवे वस्त्र नेसलेले प्रयोगकर्ते उभे आहेत.

मुंबईच्या शाखेची हकीकत थोडक्यांत अशी. १९३२ सालीं ती सांताक्रूझ येथें सुरू झाली व १९३६ सालीं चर्नी रोडजवळ समुद्राकांठच्या रस्त्यावर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नांवानें गेली. कचेरींत दिवसभर बसून पोट सुटलेल्या व झोंप उडालेल्या शहरवासीयांस आसनें शिकविणें हें तिचें मुख्य काम. राजकोट येथेंहि १९४३ सालीं एक शाखा निघाली. १९५१ सालीं लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया यांच्या नांवें योगाचें महाविद्यालय, व १९६१ सालीं दीर्घ दुखण्यांसाठीं यौगिक रुग्णालय, अशी संस्था वाढत गेली. योगमीमांसा मात्र मध्यंतरीं अनेक वर्षें बंद पडली होती. १९५० नंतरच्या दशकांत ती पुन्हां निघूं लागली. प्रयोगास पैसा लागतो, आणि रुग्णालयास देणगी देणारे शंभर मिळाले तर प्रयोगशाळेस देणारे दोन मिळतात, हा अनुभव त्यांसहि आलाच असावा.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेचे वेंगर व बागची हे दोन संशोधक योग्यांच्या हृदयाची व मेंदूची तपासणी करण्यासाठीं विजेचीं यंत्रें घेऊन भारतांत आले, तेव्हां लोणावळ्यासहि त्यांनीं काम केलें. हृदय इच्छेनें थांबवितां येतें अशी एक आख्यायिका होती. त्यांस असें आढळलें कीं, नाडी व हृदयाचा आवाज क्षीण होतो किंवा ऐकूं येईनासा होतो, पण विजेच्या आलेखांत हृदयाचे ठोके चालूच असतात. छातींतील दाब वाढल्यामुळें रक्ताचें परत येणें रोडावतें, एवढेंच. आख्यायिका गेली. आपल्या अभ्यासकांस अशा तपासणीस उभें करण्यांत कुवलयानंदांस कमीपणा वाटला नाहीं.

त्या वेळीं त्यांचें वय सत्तरीच्या पुढें गेलें होतें. १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांच्यामागें स्वामी दिगंबरजींनीं संस्थेची धुरा घेतली. कैवल्यधाम आजहि लोणावळ्यास आहे, योगमीमांसाहि निघते, आणि १९२४ पासूनचे तिचे जुने अंक अभ्यासकांस पाहावयास मिळतात. आमच्यापैकीं ज्या विद्यार्थ्याच्या मनांत व्यायामाचें शास्त्र शिकण्याचें आहे, त्यानें पालघरहून सकाळची गाडी धरावी, दादरास उतरून पुण्याकडील गाडींत बसावें, व त्या अंकांतील दाबाचे व श्वासाचे आलेख एकवार वडिलांसह बसून पाहावेत. कारखान्यांतील मापक रोज वाचणाऱ्या वडिलांस ते मुलाच्या आधींहि समजतील.